मामाची मुलगी कायद्याच्या दारात

मामाच्या मुलीशी लग्न कायद्याला चालते का? रत्नागिरी जिल्ह्यात हा प्रश्न कुणालाही विचारा, उत्तर लगेच मिळते. मराठा किंवा कुणबी घरातला माणूस म्हणेल, यात विचारायचे काय, मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क. चित्पावन घरातला म्हणेल, छे, ती तर बहीण. आणि नुकतीच सनद घेतलेला तरुण वकील म्हणेल, कायद्यात बंदी आहे, विषय संपला. तिघांचेही म्हणणे अर्धे बरोबर आहे. पुढच्या पानांत उरलेल्या अर्ध्याचा शोध आहे, आणि त्यात शिरण्यापूर्वी वाचकाच्या हाती थोडी शिदोरी असावी म्हणून ही प्रस्तावना जरा लांबली आहे.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. हिंदू विवाह अधिनियम १८ मे १९५५ पासून लागू झाला. त्याच्या पाचव्या कलमात वैध लग्नाच्या अटी आहेत. त्यांतल्या दोन आपल्या कामाच्या: वधूवर एकमेकांच्या निषिद्ध नात्यातले नसावेत आणि सपिंड नसावेत. निषिद्ध नाती कोणती याची यादी तिसऱ्या कलमात आहे. तीत भाऊ-बहीण, काका-पुतणी, मामा-भाची, आत्या-भाचा यांच्या पाठोपाठ भावा-बहिणीची मुले, दोन भावांची मुले आणि दोन बहिणींची मुले येतात. म्हणजे चुलत, मावस, मामे आणि आते ही चारही भावंडे एका दमात निषिद्ध ठरतात. घरात मामेबहीण आणि मावसबहीण यांच्यात आपण केवढा फरक करतो, पण या यादीला तो ठाऊक नाही. मात्र दोन्ही अटींच्या शेवटी एक छोटी पुस्ती आहे: दोघांपैकी प्रत्येकाला लागू असलेली रूढी किंवा परिपाठ अशा लग्नाला मुभा देत असेल तर ही बंदी नाही. कोकणातली, घाटावरची आणि दक्षिणेतली हजारो लग्ने या एका पुस्तीच्या आधारावर उभी आहेत.

सपिंड म्हणजे काय, हे मोजून पाहिल्याशिवाय कळत नाही. स्वतःला पहिली पिढी धरायचे आणि वर चढत जायचे. आईकडून चढलो तर तिसऱ्या पिढीपर्यंत, वडिलांकडून चढलो तर पाचव्यापर्यंत. या मर्यादेत दोघांचा समान पूर्वज सापडला तर ते सपिंड. मुलगा एक, आई दोन, आजोबा तीन. मामाची मुलगी एक, तिचा बाप म्हणजे मामा दोन, तेच आजोबा तीन. दोघेही मर्यादेत, म्हणून सपिंड.

आता जरा लांबचे नाते घ्या. वडिलांच्या मामाची नात. ती त्या मामाच्या मुलाची मुलगी असेल तर समान पूर्वज दोघांच्याही चौथ्या पिढीत येतो आणि दोघेही वडिलांच्या वाटेने चढत असल्यामुळे मर्यादेत राहतात, लग्नाला बंदी. पण तीच नात त्या मामाच्या मुलीची मुलगी असेल तर तिला आईच्या वाटेने चढावे लागते, तिची मर्यादा तिसऱ्या पिढीला संपते, पूर्वज चौथ्यात राहतो, आणि बंदी उठते. रक्ताचे अंतर दोन्हीकडे सारखेच, कायद्याचा निकाल मात्र उलटा. पुढे वाचताना शेजारी कागद-पेन्सिल ठेवावी, असे सुचवतो ते यासाठीच.

हा हिशेब १९५५ साली दिल्लीत जन्मलेला नाही. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळात विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्य स्मृतीवर मिताक्षरा टीका लिहिली आणि सापिंड्य म्हणजे एकाच देहाचे अवयव वाटून घेणे असा अर्थ लावला. त्याच्या आधीपासून बापाकडे सात आणि आईकडे पाच पिढ्या वर्ज्य मानल्या जात. संसदेने ते आकडे पाच आणि तीन केले. वारसा आणि लग्नाच्या वादांत रत्नागिरीची न्यायालये इंग्रजी अमदानीत मिताक्षरेलाच प्रमाण मानत आली, तेव्हा हा ग्रंथ इथल्या कज्जेदलालांना शेजाऱ्याइतका ओळखीचा होता.

मामाच्या मुलीचा वाद त्याहून जुना आहे. बौधायन धर्मसूत्राने दक्षिणेच्या लोकांचे पाच खास आचार नोंदवले आहेत, आणि त्यांत मामाच्या व आत्याच्या मुलीशी लग्न हाही आचार आहे. उत्तरेच्या खात्यातही त्याने पाच टाकले: लोकरीचा व्यापार, मद्यपान, शस्त्रांचा धंदा, समुद्रप्रवास असे. एकाच्या प्रांतात दुसऱ्याचा आचार केला तर दोष, अशी त्याची मांडणी. मनुस्मृती मामे, मावस व आते या तिन्ही बहिणींसाठी सरसकट चांद्रायण प्रायश्चित्त सांगते. मीमांसक कुमारिल भट्ट दाक्षिणात्यांना या लग्नावरून टोमणा मारतो, तर पराशरमाधवीयाचा कर्ता माधवाचार्य त्याच आचाराचे समर्थन वेदवचनांच्या आधारे करतो. शास्त्रात एकमत होते, असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

आणि पुराणे? अर्जुनाने सुभद्रेला पळवून नेले तेव्हा तो आपल्या मामाच्याच मुलीशी लग्न करत होता. मराठी घरांत वत्सलाहरणाची कथा गावोगाव सांगितली गेली. त्यातला अभिमन्यू बलरामाच्या म्हणजे मामाच्या मुलीसाठीच झुरतो. इतिहासातले उदाहरण हवे असेल तर छत्रपती राजाराम आणि ताराराणी घ्या. ताराराणी हंबीरराव मोहित्यांची मुलगी, आणि हंबीरराव राजारामांच्या आईचे, सोयराबाईंचे, भाऊ. मराठेशाही पुढे ज्या बाईने तगवली ती मामाच्या घरून सून म्हणून आली होती.

या विषयावर ज्यांनी खोल लिहिले त्यांतले बरेच जण रत्नागिरीचे, हा योगायोग मला फार लोभस वाटतो. १७९० च्या सुमारास धर्मसिंधु लिहिणारे काशीनाथ उपाध्याय पंढरपुरात राहिले खरे, पण घराणे संगमेश्वरकडच्या गोळवलीचे. ज्या कुळात वा देशात परंपरा आहे तिथे सापिंड्याचा संकोच करता येतो का, ही चर्चा त्यांच्या ग्रंथात आहे. दापोलीजवळच्या मुरुडचे विश्वनाथ नारायण मंडलिक मुंबई उच्च न्यायालयात सरकारी वकील होते. १८८० साली व्यवहारमयूख आणि याज्ञवल्क्य स्मृती इंग्रजीत आणताना त्यांनी विवाहाच्या रूढींवरही लिहिले. चिपळूणजवळ परशुरामला जन्मलेले आणि दापोलीत शिकलेले भारतरत्न पांडुरंग वामन काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या १९४१ च्या दुसऱ्या खंडात मामाच्या मुलीच्या विवाहावरची सगळी उलटसुलट वचने एका जागी आणून ठेवली. आजही वकिलाने सुरुवात तिथूनच करावी. मुरुडच्या कर्व्यांच्या सून इरावतीबाई यांनी १९५३ च्या नातेसंबंधांवरील ग्रंथात महाराष्ट्राला उत्तर आणि दक्षिण यांच्यामधला पट्टा म्हटले. उत्तरेत नात्यात लग्न नाही, दक्षिणेत मामा-भाचीपर्यंत मजल जाते, आणि महाराष्ट्रात मामाची मुलगी चालते पण आत्याची सहसा चालत नाही. वेल उलटा फिरू नये, ही त्यामागची लोकभाषा. मंडलिक आणि काणे दोघेही चित्पावन. ज्यांच्या घरात ही चाल नव्हती त्यांनीच तिचा सर्वांत बारकाईने अभ्यास केला, ही यातली गंमत.

महाराष्ट्राची एकच एक रूढी आहे असे मात्र समजू नये. मराठा, कुणबी आणि त्यांच्या जवळच्या अनेक जातींत मामाची मुलगी पसंतीची. ऋग्वेदी देशस्थ आणि कऱ्हाडे ब्राह्मणांतही चालते. चित्पावनांत नाही. माध्यंदिन शाखेच्या घरांत तर आईचे गोत्रही टाळतात. म्हणजे एकाच आळीत, एकाच कुलस्वामिनीला नवस बोलणाऱ्या दोन घरांना दोन निराळे नियम. त्याच वाडीतल्या कोकणी मुसलमान घरात चुलत-मावस लग्नाला धर्माचीच मुभा असते. त्यांना हा कायदा लागू नाही. बौद्ध, जैन आणि शीख मात्र या कायद्यापुरते हिंदूंतच मोडतात. अनुसूचित जमातींना केंद्राच्या अधिसूचनेशिवाय तो लागू होत नाही, त्यामुळे जिल्ह्यातल्या कातकरी वाड्या त्याच्या बाहेर. आणि १९८१ साली वेगळ्या झालेल्या सिंधुदुर्गाची हद्द ओलांडून गोव्यात गेलात की पोर्तुगीज काळापासून चालत आलेला वेगळाच कौटुंबिक कायदा भेटतो.

इंग्रजांनी या विविधतेचा अंदाज लवकर घेतला होता. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीत आर्थर स्टील यांनी दख्खनमधल्या जातींचे कायदे आणि चाली जमवल्या. ते संकलन १८२७ साली मुंबईत छापले गेले. त्याच वर्षीच्या मुंबई रेग्युलेशन ४ मध्ये न्यायाधीशांना क्रम घालून दिला: आधी अधिनियम, तो नसेल तर त्या मुलखाचा परिपाठ, आणि तोही नसेल तर प्रतिवादीचा कायदा. पोथीआधी चाल, हा मुंबई इलाख्याचा जुना बाणा. मदुरे जिल्ह्यातल्या जमीनदारीच्या खटल्यात १८६८ साली प्रिव्ही कौन्सिलनेही तेच सांगितले की परिपाठाचा स्पष्ट पुरावा असेल तर तो लिखित शास्त्रवचनाला भारी ठरतो. चार वर्षांनी त्यांनी त्याला लगामही घातला: रूढी प्राचीन हवी, अखंड हवी, आणि पुरावा निःसंदिग्ध हवा.

हिंदू संहितेचे शिल्पकार बाबासाहेब आंबेडकर यांचे मूळ गाव मंडणगड तालुक्यातले आंबडवे, हेही इथे सांगितलेच पाहिजे. संहिता रखडली म्हणून त्यांनी सप्टेंबर १९५१ मध्ये राजीनामा दिला आणि पुढे ती तुकड्यातुकड्यांनी मंजूर झाली. रूढीची पुस्ती ही तडजोड होती. ती नसती तर दक्षिणेतली आणि महाराष्ट्रातली लग्ने एका रात्रीत बेकायदा ठरली असती, आणि सगळेच मोकळे सोडले असते तर उत्तरेत संहिता कुणी स्वीकारली नसती. माझ्या मते तडजोड शहाणपणाची होती. चूक पुढे झाली: रूढी आहे की नाही हे ठरवायचे कुणी, कधी आणि कशावरून, हे सगळे न्यायालयावर आणि भांडणाच्या वेळेवर ढकलले गेले.

कायद्यात रूढी म्हणजे काय, याची व्याख्या तिसऱ्या कलमातच आहे. दीर्घकाळ सतत आणि एकसारखी पाळली गेलेली, एखाद्या प्रदेशात, जमातीत, समाजात, गटात किंवा कुटुंबात कायद्याचे बळ मिळवलेली. शिवाय ती निश्चित हवी, अवाजवी किंवा लोकनीतीविरुद्ध नको. आणि केवळ एका घराण्याची रूढी असेल तर त्या घराण्याने ती सोडून दिलेली नसावी. हे सिद्ध करण्याचा भार रूढीचा आधार घेणाऱ्यावर. आमच्यात चालते, एवढे म्हणून भागत नाही. साक्षीदार लागतात, तीन-चार पिढ्यांतली तशी लग्ने दाखवावी लागतात, ती कुणाची, कुठे, केव्हा झाली हे सांगावे लागते, आणि समाजाने ती वाळीत न टाकता स्वीकारली हेही.

पुरावा कुठून येतो? बहुधा बायकांच्या तोंडून. लग्नानंतर वधूवर घरी आले की नवऱ्याची बहीण दार अडवते आणि माझी मुलगी तुझ्या मुलाला देईन असे भावाकडून वदवून घेते. लोक हा विधी हशाचा म्हणून पाहतात. वकिलाने तो समाजाने जाहीरपणे मान्य केलेल्या नात्याचे चिन्ह म्हणून मांडायला हवा. जात्यावरच्या ओव्या, लग्नपत्रिका, कुळाच्या भटजीच्या किंवा गुरवाच्या आठवणी, मुंबईतल्या गावमंडळांची जुनी इतिवृत्ते, हा सगळा ऐवज आपल्याकडे भरपूर आहे. तो कुणी सांभाळून ठेवत नाही, कारण रूढी जगणाऱ्याला ती सिद्ध करावी लागेल असे कधी वाटतच नाही.

वाटते तेव्हा उशीर झालेला असतो. नवरा मुंबईत नोकरीला, निवृत्तिवेतन सुरू होते, तो जातो आणि विधवेने अर्ज केला की दीर किंवा सावत्र नातलग हरकत घेतो: ही तर मामाची मुलगी, लग्नच अवैध. किंवा संसार मोडतो आणि पोटगी टाळायला नवराच ते म्हणतो, चाळीस माणसांसमोर अक्षता झेललेला तोच नवरा. अकराव्या कलमाप्रमाणे निषिद्ध नात्यातले लग्न मुळातच निरर्थक. अठराव्या कलमात एक महिन्यापर्यंत साधी कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षाही आहे. ती क्वचितच कुणाच्या वाट्याला येते. पण निरर्थक हा शिक्का बाईच्या आयुष्याला लागतो. ग्रामपंचायतीत ग्रामसेवकाकडे लग्न नोंदवले होते, असे ती सांगते. नोंदणी हा लग्न झाल्याचा पुरावा आहे, लग्न वैध असल्याचा नाही.

अलीकडच्या काही निकालांनी ही धार थोडी बोथट केली आहे. निरर्थक लग्नाच्या मुलांना सोळावे कलम औरस मानते, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की आईबापांच्या वाट्यात, एकत्र कुटुंबातल्या त्यांच्या हिश्शातही, या मुलांचा हक्क आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने निरर्थक विवाहातल्या जोडीदारालाही कायम पोटगी मागता येईल असे ठरवले. उलट, सपिंड विवाहाची बंदीच घटनाबाह्य ठरवा, ही एका महिलेची याचिका दिल्ली उच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये फेटाळली. तिचे लग्न सपिंड म्हणून रद्द झाले होते आणि तिला रूढी सिद्ध करता आली नव्हती. जोडीदाराची निवड अनिर्बंध सोडली तर निकटच्या रक्तातल्या संबंधांनाही मान्यता मिळेल, अशी भीती न्यायमूर्तींनी व्यक्त केली.

अजून एक गैरसमज फार पसरला आहे: घरात विरोध असेल तर रजिस्टर लग्न करावे, मग कुणाचे चालत नाही. १९५४ च्या विशेष विवाह अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत पुरुषासाठी ३७ आणि स्त्रीसाठी ३७ निषिद्ध नाती आहेत, आणि त्यांत मामे, आते, मावस, चुलत सगळी भावंडे आहेत. तिथेही १९६३ च्या दुरुस्तीने रूढीची सूट आली. दोघांपैकी एकाची रूढी असली तरी पुरते, पण ती रूढी राज्य सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेली असावी लागते. म्हणजे ज्याला रूढी लागत नाही असे लोक समजतात, तो मार्ग रूढीच्या बाबतीत अधिक कागदी आहे. उत्तराखंडच्या समान नागरी संहितेनेही निषिद्ध नात्यांची यादी आणि रूढीची सूट ठेवली, मात्र ती लोकनीती आणि नैतिकतेला धरून असण्याची अट घालून.

हिंदू कायद्यातला ‘प्रत्येकाला’ हा शब्द आंतरजातीय लग्नांच्या काळात मोठी अडचण करणार आहे. चित्पावन मुलीने मराठा मुलाशी लग्न केले. तिच्या मुलाला पुढे आपल्या मामाची मुलगी आवडली. मुलाकडच्या समाजात रूढी आहे, मुलीच्या समाजात नाही, तेव्हा सूट नाही. दोघांच्याही रूढीने मुभा द्यायला हवी, ही अट १९५५ साली साधी वाटली असेल. आता ती तशी राहिलेली नाही.

जीवशास्त्राबद्दल थोडेच. सख्ख्या मामे, आते किंवा मावस भावंडांची सरासरी एक अष्टमांश जनुके समान असतात. त्यांच्या मुलांत गंभीर जन्मजात व्यंगाचा धोका साधारण दुप्पट होतो. ब्रॅडफर्डच्या प्रसिद्ध अभ्यासात तो सुमारे ३ वरून ६ टक्क्यांवर गेलेला दिसला. बहुसंख्य मुले निरोगीच जन्मतात. पण पिढ्यान्‌पिढ्या त्याच घराण्यात देणेघेणे चालू असेल, किंवा घरात थॅलेसेमियासारखा आजार असेल, तर लग्नाआधी तपासणी करून घ्यावी. रूढी मामाची मुलगी आणि मावशीची मुलगी यांत फरक करते; जनुके करत नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या सुमारे ११ टक्के स्त्रियांची लग्ने नात्यात झालेली आढळली, तमिळनाडूत सुमारे २८ टक्क्यांची. प्रमाण घटत जाईल यात शंका नाही, पण आज संसार करणाऱ्या, म्हातारपणी वारसा आणि निवृत्तिवेतन मागणाऱ्या बायकांचा प्रश्न त्याने सुटत नाही.

पुढच्या प्रकरणांत सपिंड नात्यांचे तक्ते, रूढीवरच्या निकालांचा मागोवा आणि वारसा-पोटगीची माहिती क्रमाने येते. वाचकाने आपल्या घराशी ताडून पाहावी. ज्यांच्या घरात मामाच्या मुली सुना म्हणून आल्या, त्यांनी आपल्या आजीपणजीची तशी लग्ने नाव, गाव आणि अंदाजे सालासह आत्ताच लिहून ठेवावीत, जुन्या पत्रिका जपाव्यात आणि घरातल्या सर्वांत वृद्ध बाईचे म्हणणे ती असेपर्यंत नोंदवून घ्यावे. ज्यांच्या समाजात ही चाल नाही त्यांनी केवळ शेजारी करतात म्हणून ती उचलू नये. शेजाऱ्याची रूढी न्यायालयात तुमच्या कामाला येणार नाही.